कपाळावरचे अंगठे

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचा. साताऱ्याच्या कचेरीने बदलीच्या कागदावर 'सोलापूरला आपल्यासारखा अनुभवी वार्ताहर हवा' असे लिहिले आहे. याचा अर्थ तो साताऱ्याला नको, एवढे कळण्यापुरते संस्कृत मी शिकलो आहे. तरी मन प्रसन्न आहे.

साखर पेठेमागच्या एका बोळात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. घर राजशेखर यांचे. चाळिशीचे गृहस्थ, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, बोलणे तुपात भिजवलेले. खाली त्यांचे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. रेशन, पेन्शन, बँकेतून पैसे काढणे, सगळे तिथे अंगठ्यावर चालते. भाड्याचा विषय काढला तर म्हणाले, "सर, आधी जेवा की. भाडं कुटं पळून चाललंय?" कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. पहिल्या घासाला दाढ हलली, तिसऱ्या भाकरीला मी सोलापूरकर झालो.

खोलीतला पंखा फिरतो, पण वारा देण्याची जबाबदारी घेत नाही. कूलर खाली केंद्रात आहे. लिहायला तिथेच बसा, असा राजशेखर यांचा आग्रह.

५ मार्च, बुधवार

इथले माझे काम दुहेरी. एक म्हणजे 'खाते सांभाळा' हे सदर. ऑनलाइन चोरांपासून वाचकांनी आपापली खाती कशी वाचवावीत, हे पन्नाशीला आलेल्या, मुलीकडून फोन चालवायला शिकलेल्या माणसाने लिहायचे. संपादकांना विनोदाचे अंग आहे.

दुसरे काम खरे. भीमेकाठच्या एका साखर कारखान्यात ऊस तोलणारा काटा खोटा आहे. त्या काट्यावरच्या एक बाई मला खऱ्या वजनांचे फोटो पाठवतात. त्यांना मी कधी पाहिलेले नाही. त्यांच्याआधी ज्याने तोंड उघडले तो मळीच्या टाकीत सापडला. बाहेर काढला तेव्हा बायकोने म्हणे फक्त करगोट्यावरून ओळखला. म्हणून बाईंचे नाव, पत्ता, नंबर मी कुठेच ठेवलेला नाही. या वहीतही लिहिणार नाही. सगळे माझ्या खात्यातल्या एका कुलूपबंद कप्प्यात आहे आणि त्या कप्प्याला किल्ली एकच, माझ्या उजव्या हाताचा अंगठा.

कचेरीतली रुपाली या गोष्टींतली जाणकार. तिने परोपरीने सांगितले की काका, जोडीला एक नंबरही टाकून ठेवा. मी ऐकले नाही. नंबर फुटतो, पासवर्ड चोरीला जातो, अंगठा कोण चोरणार? हेच वाक्य सदराच्या पहिल्या लेखात घातले आहे. बरे उतरले आहे.

८ मार्च, शनिवार

केंद्रातली अंगठ्याची काच आज जवळून पाहिली. पाहायला नको होती. काचेवर दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर आहे. त्यात तंबाखूची भुकटी, कुंकू, घाम आणि एका माशीचा पाय. मी रुमाल काढून पुसू लागलो तर राजशेखर यांनी माझे मनगटच धरले. पुसायचे नाही म्हणाले. पुसले की मशीन रुसते, लोकांना ओळखत नाही. आणि नेहमीसारखे गोड हसले.

रांगेत बहुतेक विड्या वळणाऱ्या बायका. पानावर घासून घासून अंगठ्यांच्या रेषा गेलेल्या, मशीन 'पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा' म्हणते. त्यावर राजशेखर यांचा ठरलेला उपाय म्हणजे अंगठा कपाळावर घासायचा. कपाळाचे तेल लागले की रेषा उठतात. सगळीकडेच असे करतात म्हणे. पण नरसम्मा नावाच्या एका म्हातारीचे कपाळ तिच्या अंगठ्याइतकेच कोरडे. चार वेळा घासून झाले. घरी नातवंडे, हातात रिकामी पिशवी. तेव्हा राजशेखर यांची नजर माझ्याकडे वळली. माझे कपाळ मागे सरकत सरकत मानेपर्यंत पोचले आहे आणि उन्हात ते चकाकते, हे मी नाकारत नाही.

"सर, तुमच्या कपाळाला लावू दे की जरा. पुण्य लागंल."

लावू दिले. अंगठा खडबडीत, विडीच्या वासाचा, थोडा ओला. मशीनने पहिल्या फटक्यात घेतला. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नरसम्मा म्हणाली, "अण्णा, तुमचं डोकं लई कामाचं हाय." हे आजवर माझ्या एकाही संपादकाला सुचलेले नाही.

१२ मार्च, बुधवार

काट्याची पहिली बातमी छापून आली. बाईंचा निरोप आला. त्या खूश आहेत आणि घाबरल्याही आहेत.

माझ्या कपाळाची कीर्तीही पसरली आहे. मी खुर्चीत लिहीत बसतो. रांगेतली एकेक बाई येते, अंगठा टेकवते, जाते. मोबदल्यात शेंगाचटणी मिळते. पहिले दोन दिवस मला गंमत वाटली. आज मात्र एका बाईने तोंडातली मिश्री ज्या बोटाने काढली त्याच बोटाशेजारचा अंगठा कपाळावर फिरवला. काळी लाळ भुवईपर्यंत ओघळली. दुसरीने नुकताच नातवाचा शेंबूड पुसला होता. बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा, हे पाठशाळेत घोकले होते. तो असा भुवईवरून नाकावर उतरतो हे गुरुजींनी सांगितले नव्हते.

वर जाऊन तीनदा साबण लावला. कपाळ धुतले की लगेच पुन्हा तुकतुकीत होते.

१५ मार्च, शनिवार

दुपारी हिंदुराव नावाचे गृहस्थ भेटायला आले. कारखान्याच्या संचालकांचे उजवे हात. पांढरे कपडे, जाडजूड बोटे, रुंद नखे. कूलरसमोर ऐसपैस बसले, माझ्या लेखणीची तारीफ केली आणि विचारले की बातमी कुणी दिली तेवढे सांगा. मी म्हटले, आमच्यात सांगत नाहीत. ते म्हणाले, मागे आमचा एक जण मळीत पडला बिचारा. पाय घसरला. काट्यावरही जपून चालावं लागतं माणसानं.

काट्यावर आहे एवढे त्यांना कळलेले आहे. नाव तेवढे कळलेले नाही.

ते गेले आणि फोनवर सूचनांचा पाऊस सुरू झाला. कुणीतरी माझे खाते उघडू पाहते आहे. प्रयत्न फसला, पुन्हा फसला. मी पासवर्ड काढून टाकून खातेही नुसत्या अंगठ्यावर ठेवले, अनोळखी दुवा आला तो उघडला नाही, आलेले ओटीपी कुणाला सांगितले नाहीत. सदरात लिहिले तेच सगळे केले. कप्पा तर शाबूतच. ठोका म्हणावे दारे.

१८ मार्च, मंगळवार

दाढी करताना आरशात पाहिले. कपाळावर बारीक पुरळ आहे. चष्मा लावून पाहिले तर पुरळ नव्हे. रेषा. एकात एक गोल रेषा, अंगठ्याच्या ठशासारख्या, कातडीतून वर आलेल्या. सात-आठ ठसे एकमेकांवर चढलेले. एक दाबला तर त्या रेषांमधून पिवळे तेल आले. वास विडीचा.

राजशेखर यांना दाखवले. त्यांनी कौतुकाने निरखून पाहिले आणि छान धरलंय म्हणाले. दही लागल्यावर बायका म्हणतात तसे.

२० मार्च, गुरुवार

आज जे झाले ते नीट लिहितो.

हिंदुराव पुन्हा येऊन बसले होते. नरसम्मा पेन्शन काढायला आली, सवयीने माझ्या कपाळाला अंगठा लावला. माझा फोन टेबलावरून घसरला, तिने उचलून दिला. देताना तिचा अंगठा काचेवर पडला आणि फोन उघडला.

ती लहान मुलीसारखी हसली. "अगं बाई! अण्णा, मला उघडलं की!" तिने शेजारणीला लावायला सांगितले. शेजारणीनेही आधी कपाळाला लावला, मग फोनला. उघडला. सगळ्या रांगेने एकेकदा उघडून पाहिला. जत्रेत आल्यासारख्या हसत होत्या. बिचाऱ्यांचे अंगठे आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी इतक्या सहज चालत होते.

हिंदुराव हसत नव्हते. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होते.

२२ मार्च, शनिवार

माझा अंगठा मात्र चालत नाही. फोन मला ओळखत नाही.

उजेडात धरून पाहिला. रेषाच नाहीत. सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत, ओलसर. नखाने खरवडला तर पांढरा लगदा निघाला. माझ्या रेषा त्यांच्या अंगठ्यांवर गेल्या आणि त्यांच्या झिजलेल्या रेषा माझ्या कपाळावर येऊन बसल्या.

अंगठा कपाळाला घासूनही पाहिला. माझ्याच कपाळाचे तेल मला लागू पडत नाही.

बाईंना सावध करायला हवे. नंबर कप्प्यात. पत्ता कप्प्यात. आणि कप्पा मला बंद. नरसम्माकडून उघडवावा तर नाव आधी रांगेत जाईल आणि तिथून हिंदुरावांच्या कानावर.

२४ मार्च, सोमवार

रुपालीला केंद्रातल्या फोनवरून गाठले. म्हटले, माझे खाते तोड, जाळ, काहीही कर. तिने पाहून सांगितले की काका, खाते सोलापुरातून बऱ्याच ठिकाणी उघडते आहे, पण सगळीकडे अंगठा तुमचाच आहे, एकही खोटा नाही. बंद करायचे तर तुमचा अंगठा लागेल. मी केंद्रातल्या काचेवर ठेवला. तिच्याकडे 'ओळख पटली नाही' असे उमटले. मग परक्याशी बोलावे तसे म्हणाली, आपण कोण बोलता?

मी सोडून सगळे मी आहेत.

फोन फोडून उपयोग नाही. खाते फोनमध्ये नसते, कुणाच्याही फोनवर उघडते. हेही मीच लिहिले होते, दुसऱ्या लेखात. कारखान्यावर जाऊन बाईंना शोधले तर हिंदुरावांना मीच दाखवून दिल्यासारखे होईल.

२६ मार्च, बुधवार

आज रांगेत हिंदुराव उभे होते.

मी उठलो. राजशेखर यांनी मागून माझे डोके धरले, न्हावी धरतो तसे, प्रेमाने. म्हणाले, "काय घाबरूलालाव सर, एकच अंगठा हाय की." मी ओरडलो. बायकांना वाटले मी थट्टा करतो आहे. हसल्या.

जाडजूड अंगठा भुवयांच्या मधोमध रुतला. फिरवला. त्याच्याखाली माझी कातडी भिजल्या कणकेसारखी सरकली. त्यांनी स्वतःच्या फोनवर अंगठा ठेवला. खाते उघडले.

कप्पा नाही उघडला. त्याला अंगठा थोडा वेळ दाबून धरावा लागतो आणि कूलरच्या वाऱ्यात तेल वाळून गेले. हिंदुराव म्हणाले, हरकत नाही, जास्त तेल लागंल. पुन्हा येतो.

वर येऊन आतून कडी घातली आहे. नवे तेल मिळाले नाही तर कप्पा उघडत नाही. एवढे सोपे आहे. हे कपाळ कुणाच्या हाती लागू द्यायचे नाही.

२७ मार्च, गुरुवार

बोळाच्या तोंडाशी हिंदुरावांची दोन माणसे मोटारसायकलवर बसून आहेत. बाहेर जाता येत नाही.

कपाळच राहिले नाही तर? राख लावली, मग वीट घासली. भिजलेल्या पापडासारखा पापुद्रा सुटला. सगळा एकात एक रेषांनी भरलेला, खालून लिबलिबीत. त्याच्याखाली दुसरा. त्याच्यावरही अंगठे. त्याखाली तिसरा. यातले काही अंगठे लहान मुलांचे आहेत. मुलांनी मला कधी हात लावला नव्हता. माझ्याआधी या खोलीत कोण राहत होते?

पापुद्रे ताटलीत ठेवले होते. मुंग्या आल्या. शिवल्या नाहीत, परत गेल्या.

राजशेखर दाराशी भाकरी ठेवून गेले. म्हणाले, सर, खरवडू नका, उगंच वाढतंय ते.

२८ मार्च, शुक्रवार

वाढले आहे. कानापर्यंत. टाळूवर. पापणीवरही एक—डोळा मिटला की आतून रेषा दिसतात—

उशी तेलाने जड झाली आहे. पिळली. वाटीभर—

ओकलो. ओकारीतही तोच वास.

अंगठ्याने लेखणी धरवत नाही. निसटते. मुठीत धरून लिहितो आहे.

बाई, तुम्ही निघून जा. कुठूनही कळू दे तुम्हाला. काट्यावर जाऊ नका.

२९ मार्च, शनिवार. दुपार

रेशनचा शेवटचा दिवस. उद्या पाडवा, परवा ईद. आज अंगठा लागला नाही तर नाव कटेल म्हणतात. जिन्यावर बायका बसल्या आहेत. सगळ्यांचे मशीनला लागेनासे झाले आहे. कपाळाशिवाय लागतच नाही आता. त्यांचे स्वतःचे असे काही उरले नाही बोटांत—

नरसम्मा दाराशी रडते आहे. दार उघडू नका म्हणते. अण्णा, तुमी आतच ऱ्हावा. नुसतं कपाळ फटीला लावा की. पोरं उपाशी हायत, अण्णा.

मी विचारले, बाहेर अजून कोण आहे? म्हणाली, आमी बायकाच हाय.

नाही उघडणार.

ती रडते आहे.

कडी काढली, साखळी नाही. फक्त साखळीपुरती फट. बोटभर. वही गुडघ्यावर आहे, फोन शेजारी. कपाळ फटीला लावले.

आला. सुकलेला, खडबडीत. नरसम्माच. दुवा देऊन गेली. जिना उतरताना ऐकू येते आहे.

दुसरी. तिसरी. ओले. चिकट. मुकाट्याने सोसतो. यांचा काय दोष—

आता लवकर आवरा म्हणावे—

हा जाड आहे.

हा नखासकट—मागे होता येत नाही—कातडी फटीत धरली—ओढतो आहे—बाहेर लांबते आहे, लांबते आहे, तुटत नाही—

सुटलो. कपाळाला वारा लागतो आहे, थेट हाडाला. कातडी त्याच्याकडे.

शेजारचा फोन उजळला. 'कप्पा उघडला. आपले स्वागत आहे.'

दाराबाहेर तो बाईंचे नाव वाचू लागला आहे. सावकाश. शाळेतल्या मुलासारखा जोडून जोडून. पहिले अक्षर म्हणाला.

बरोबर आहे.

मी ओरडतो आहे. दार बडवतो आहे. तरी ऐकू येते. दुसरे—